फक्की आणि फाईल

आयुष्यभर आपण जे करीत आलो त्याला काही भारदस्त नाव आहे, हे माणसाला निवृत्त झाल्यावर कळावे यासारखी दुसरी गंमत नाही. मी ३२ वर्षे एका तालुक्याच्या कॉलेजात मुलामुलींना खेळवले. लोक मला 'खेळाचे सर' म्हणत. कॉलेजच्या कागदोपत्री माझा हुद्दा 'शारीरिक शिक्षण संचालक' असा होता. पण संचालन करण्याजोगे माझ्या हाताखाली एक शिपाई, दोन खांब आणि कुलूप न लागणारी एक खोली याखेरीज काही नव्हते. भल्या पहाटे मैदानावर फक्की मारणे, पाण्याचे रांजण भरून घेणे, पंचांची मनधरणी करणे, हरलेल्या संघाची समजूत घालणे, जिंकलेल्या संघाला एस.टी.त बसवून देणे आणि परत आल्यावर जेवणखर्चाच्या पावत्यांवरून कारकुनाशी हुज्जत घालणे, हे माझे काम. मी त्याला काम म्हणत असे. आमच्या घरात त्याला 'उद्योग' म्हणत, आणि तो शब्द काही आदराने उच्चारलेला नसे.

गेल्या वर्षी दिवाळीला घरी आलेली माझी नात सहज म्हणाली, "आबा, तुम्ही आयुष्यभर स्पोर्ट्स मॅनेजमेंटच केलंत की!"

गावातल्या हाडे बसवणाऱ्या म्हाताऱ्याला कुणी एकाएकी 'सर्जन' म्हणून हाक मारली तर तो जसा मागे वळून पाहील, तसा मी मागे वळून पाहिले. पण मागे कुणी नव्हते. ती मलाच म्हणत होती.

आमचे घर विष्णुपुरीला. नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागले की गोदावरीच्या काठी हे गाव लागते. कधीकाळी काळेश्वराचे देऊळ ही त्याची ओळख होती. मग १९८१ साली इंजिनियरिंगचे कॉलेज निघाले, नदीवर धरण झाले, १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ आले, आणि आता गाव कुठे संपते व वसतिगृहे कुठे सुरू होतात हे सांगणे कठीण झाले आहे. मुलगा त्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकायला होता म्हणून आम्ही इथे चार खोल्या बांधल्या. तो शिकला आणि २००३ साली कतारला, दोहा शहरी निघून गेला. नात तेव्हा ४ वर्षांची होती. आम्ही मात्र इथेच राहिलो. हे आपल्याकडे घरोघरी घडते. त्याचे रडगाणे दिवाळी अंकात गाण्याचे कारण नाही.

पण एक सल होता, तो सांगितलाच पाहिजे. मुलाच्या कंपनीने फी भरली म्हणून नात आंतरराष्ट्रीय शाळेत गेली. मला 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द त्यापूर्वी फक्त विमानतळासंबंधी ठाऊक होता. ही शाळा कोणत्या राष्ट्राची, असे मी मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "कोणत्याच नाही." हे उत्तर ऐकून माझ्या पोटात धस्स झाले. कोणत्याच राष्ट्राच्या नसलेल्या शाळेत जाऊन पोर कुणाची होऊन परत येणार?

पुढे मी चौकशी केली तेव्हा कळले की यात भयंकर असे काही नाही. परदेशी वकिलातींत आणि आंतरराष्ट्रीय कचेऱ्यांत काम करणारी माणसे आज या देशात तर उद्या त्या देशात. त्यांच्या मुलांचे गुण सगळ्या विद्यापीठांनी मानावेत म्हणून १९६८ साली जिनीव्हाला एक संस्था निघाली आणि तिने अभ्यासक्रम आखला. म्हणजे आपल्याकडे तहसीलदारांच्या नि ओव्हरसियरच्या मुलांचे दर तीन वर्षांनी जे हाल होतात, त्यांचीच ही मोठ्या प्रमाणावर केलेली सोय. अशा मुलांना एक नावही आहे, 'तिसऱ्या संस्कृतीची मुले'. रूथ युसीम या अमेरिकन बाईंनी ते दिले. गंमत अशी की १९५० नंतरच्या दशकात त्या आपल्या देशातच येऊन राहिल्या होत्या. इथे नोकरीनिमित्त आलेल्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करता करता त्यांना ही कल्पना सुचली. आईबापांची एक संस्कृती, राहत्या देशाची दुसरी, आणि या दोहोंच्या मधल्या पट्टीत ही मुले आपली तिसरी मांडतात. खो-खोच्या मैदानावर मधल्या पाटीवर एकाआड एक तोंड करून मुले बसतात ना, एकाचे तोंड इकडे आणि दुसऱ्याचे तिकडे, तसे काहीसे माझ्या डोळ्यांपुढे येते. फरक इतकाच की इथे दोन्ही तोंडे एकाच पोरीची.

त्या शाळेतली एक गोष्ट मात्र ऐकताक्षणी मला पटली. शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येक मुलाला सुमारे १८ महिने काही तरी नवे घडवावे लागते, अंग हलवावे लागते आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडावे लागते. त्याला गुण नाहीत. पण ते केल्याशिवाय प्रमाणपत्रही नाही! आपल्याकडे बरोबर उलट. दहावीच्या मुलाला खेळाचे वाढीव गुण मिळतात म्हणून बाप माझ्याकडे येई आणि विचारी, "सर, न खेळता सर्टिफिकेट मिळेल का?" या एका वाक्यात माझ्या ३२ वर्षांच्या नोकरीचा इतिहास आहे.

नातीने त्या १८ महिन्यांत काय करावे? दोह्यात शुक्रवारी सुटी असते. त्या दिवशी बांधकामावरचे मजूर मोकळ्या जागा गाठून क्रिकेट खेळतात. नेपाळी, बांगलादेशी, केरळी, आणि आपल्या शेजारचे निजामाबाद-करीमनगरचे लोक. त्यांची भांडणे होत ती धावांवरून नव्हे, जागेवरून. आधी कोणी खेळायचे, यावरून. सोळा वर्षांची ही पोर वही घेऊन त्यांच्यात गेली, कोण किती वाजता कामावरून सुटतो ते लिहून घेतले, आणि पाळ्या लावून दिल्या. पिण्याच्या पाण्याची गाडी मिळवण्यासाठी तिने म्हणे तीन कचेऱ्यांना अर्ज केले आणि दोन साहेबांना जाऊन भेटली. तिला कुणी हाकलले नाही. मुख्य म्हणजे, आपल्याला कुणी हाकलेल अशी शंकासुद्धा तिला आली नव्हती. मी हे ऐकले आणि मला माझा साहेबाच्या दाराबाहेरचा बाक आठवला. निम्मी नोकरी मी त्या बाकावर बसून केली आहे.

त्याच मैदानावर देगलूरकडचा एक मजूर तिचे मराठी ऐकून आनंदला आणि त्याने विचारले, "कुण्या गावची ग तू?" ती म्हणाली, "दोहाची." तो मनुष्य हसत सुटला. हे तिनेच मला सांगितले. सांगताना तीही हसली, पण जरा उशिरा.

पुढे ती विलायतेत हाच विषय शिकली. हा विषय शिकवतात हे मला नवल वाटे, पण आता त्यात नवल राहिलेले नाही. २००८ साली आयपीएल सुरू झाली, २०१४ साली कबड्डीची लीग आली, २०२२ साली पुण्याला बालेवाडीत खो-खोची. ज्या खेळाला आम्ही बनियनवर खेळवला त्यात आता संघामागे व्यवस्थापक, मालिश करणारा, आहार सांगणारा, जाहिरातदार अशी फौज असते. त्याच २०२२ साली कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक झाला. त्यासाठी २०,००० स्वयंसेवक घेतले होते. त्यांत आमची नात एक. तिथले एक स्टेडियम मालवाहू कंटेनर रचून उभारले होते. त्याचे नावच '९७४', कारण कंटेनर तितके आणि कतारला फोन लावायचा आकडाही तोच. खेळ संपले की ते उकलून ठेवायचे. मी म्हटले, यात काय विशेष? आमचा मांडवही तसाच असतो. सध्या ती मुंबईला एका कंपनीत खेळांच्या लीगचे काम बघते.

तर गेल्या दिवाळीला, म्हणजे २०२४ साली, ती आली ती मोठी रजा टाकून. आमचे जुन्या खेळाडूंचे एक मंडळ आहे. भाऊबीज उरकली की आम्ही गावातल्या एका शाळेच्या मैदानावर मुलींच्या खो-खोचे तीन दिवसांचे सामने भरवतो. ती म्हणाली, "यंदा मी करते, आबा. तुम्ही नुसतं बघा."

'तुम्ही नुसतं बघा' हे वाक्य म्हाताऱ्याला कितपत मानवते हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसऱ्याच दिवशी तिने फाईल उघडली. माझ्या सामन्यांचा सगळा कारभार वहीच्या एका पाठकोऱ्या कागदावर मावत असे. तिच्या फाईलीत निळ्या, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या. पाणी कुठून येणार, आले नाही तर दुसरे कुठून; दवाखाना किती मिनिटांवर; पंचांचे जेवण खेळाडूंच्या आधी की नंतर. एका पानावर मथळा होता, 'जोखीम'. त्याखाली ऊन, पाय मुरगळणे, पंचांच्या निर्णयावरून भांडण, साप आणि कुत्रे. कुत्रे वाचून आमचे एक जुने पंच इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. हसू थांबले ते सातव्या क्रमांकापाशी. तिथे लिहिले होते, 'बाहेरगावच्या मुलींबरोबर रात्री कोण?' आणि पुढचा रकाना कोरा होता.

मी उठून गच्चीवर गेलो.

१९८६ सालची गोष्ट. नांदेड जिल्ह्याची कॉलेजे तेव्हा मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली होती. माझी एक खेळाडू विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. तिच्यासारखी पळती मी नंतर पाहिली नाही. हात लागतो लागतो असे वाटावे आणि ही आपली चार पावलांवर! शिबिर त्या वेळच्या औरंगाबादला होते. तिचा बाप आला, टोपी हातात धरून उभा राहिला, म्हणाला, "सर, संगं कुनी बाईमानूस हाय का?" आमच्या कॉलेजात तेव्हा एकही बाई नोकरीला नव्हती. मी म्हणालो, नियमात तशी तरतूद नाही. हे अगदी खरे होते. त्याने मान डोलावली आणि पोरीला घेऊन गेला. त्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. मी त्या लग्नाला गेलो होतो, जेवलोही.

३८ वर्षे मी स्वतःला सांगत आलो की बापच जुन्या वळणाचा होता.

नातीला मी हे त्या वेळी सांगितले नाही. मी तिला दुसरीच गोष्ट सांगितली, कारण माणसाला जे बोलायचे नसते तेव्हा तो इतिहास बोलतो. म्हटले, तुझ्या धंद्याचा आपल्याकडचा मूळपुरुष कोण माहीत आहे का? सर दोराबजी टाटा. तेही तुझ्यासारखेच. पोरवयात विलायतेला पाठवलेले, केंब्रिजला क्रिकेट-फुटबॉल खेळलेले, १८७९ साली परत आलेले. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे ते अध्यक्ष झाले आणि तिथल्या शर्यती बघायला गेले. बघतात तो काय, शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताहेत. सुरुवात कशी करायची, वळण कसे घ्यायचे, कशाचा पत्ता नाही. पण घड्याळात वेळ बघावी तर युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास! दुसरा एखादा साहेब त्यांच्या धोतराला हसला असता. दोराबजी हसले नाहीत. त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरांना गाठले, पदरचे पैसे घातले, आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला सहा जण पाठवले: चार धावपटू, दोन मल्ल. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये तिथे एकोणिसावे आले. १९२७ साली इंडियन ऑलिंपिक असोसिएशन निघाली तेव्हा पहिले अध्यक्षही दोराबजीच.

नात लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने विचारले, "पण आबा, त्या मुलांच्या घरच्यांना कुणी समजावलं असेल? त्या काळी बोटीने पाठवायचं म्हणजे!" मला याचे उत्तर ठाऊक नव्हते. इतकी वर्षे मी ही गोष्ट मुलांना सांगत आलो, पण फडेप्पाच्या आईचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

कोऱ्या रकान्याचे उत्तर शोधायला आम्ही लोहा तालुक्यातल्या एका खेड्यात गेलो. तिथली एक मुलगी आमच्या संघात हवी होती. बाप सोडीत नव्हता. मी मुद्दामच गप्प राहायचे ठरवले. 'तुम्ही नुसतं बघा' म्हणाली होती ना!

नातीने फाईल उघडून सगळे समजावले. तिचे मराठी घरातले; वाक्ये बरोबर, पण इस्त्री केलेली. "आम्ही तुमच्या मुलीच्या सुरक्षिततेची पूर्ण जबाबदारी घेतो," ती म्हणाली. बाप ओसरीवर बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पोरगी खेळती चांगली, हे आमाला बी ठाव हाय, ताई. पन कापूस कोन येचावं?" सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन गेले होते. उरला तो कापूस, आणि वेचणीचे दिवस हेच. नात पटकन म्हणाली, "तीन दिवसांची मजुरी आम्ही देऊ. आमच्या बजेटमध्ये—" मी डोळ्यांनी खुणावतो आहे तोवर वाक्य पुरे झाले होते. बाप उठून उभा राहिला. रागावला नाही. म्हणाला, "चहा घिऊन जा."

चहा आला. कुणी बोलेना. त्या शांततेत त्याच्या म्हाताऱ्या आईने नातीला निरखून पाहिले आणि विचारले, "कुण्या गावची गं माय तू?"

मला दोह्याचे मैदान आठवले. नातीने एकदा माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "विष्णुपुरीची. सरांची नात." आणि मग फाईल मिटून, इस्त्री मोडलेल्या मराठीत म्हणाली, "आजी, मी चुकीचं बोलले पैशाचं. रात्री मुलींसोबत कुणी बाई पाहिजे, ते मला माहीत आहे. पण कोण, ते अजून सापडलं नाही. तुम्हीच सांगा, कोण असलं तर पाठवाल?"

म्हातारी म्हणाली, "सरांची बायकू हाय न्हवं?"

इतके सोपे होते ते.

घरी येऊन नातीने तिच्या आजीला विचारले. आमची ही पोळ्या लाटीत होती, मान वर न करता म्हणाली, "जाईन की. गादी तेवढी न्यावी लागेल, माझी कंबर धरते." मी दारात उभा होतो. मी म्हणालो, "तू आली असतीस? त्या वेळीसुद्धा? शहाऐंशी साली?" तिला कोणती गोष्ट ते विचारावे लागले नाही. लाटणे क्षणभर थांबले. "विचारलं असतंत तर आले असते," ती म्हणाली, आणि पोळी तव्यावर टाकली.

लोह्याची पोर आली. कापसाचे काय केले ते तिच्या बापाने आम्हाला सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

सामन्यांविषयी आता थोडक्यात. निवडणुकीची आचारसंहिता चालू होती. २० नोव्हेंबरला मतदान. नातीच्या फाईलीत हे पान नव्हते. कर्ण्याच्या परवानगीसाठी मला माझा जुना बाक गाठावा लागला, आणि खरे सांगतो, तिथे बसताना मला थोडा आनंदच झाला. एक फायदा झाला. पुढारी मंडळींना व्यासपीठावर येता येईना, तेव्हा माझ्या आयुष्यात प्रथमच उद्घाटन भाषणाविना झाले.

खटका उडाला तो किनवटच्या संघावरून. सकाळी ८ चा सामना. किनवट इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. पोरी पहाटे ४ ला निघाल्या, वाटेत गाडी बंद पडली, आणि पोचल्या पावणेबाराला. नातीच्या पत्रकात छापले होते की १५ मिनिटे उशीर म्हणजे सामना गेला. तिने समोरच्या संघाला पुढे चाल देऊन टाकली होती. किनवटच्या पोरी गाठोडी घेऊन लिंबाखाली बसून राहिल्या. मी चिडलो. म्हणालो, "तुझ्या शाळेत पोरं दारात गाडीतून उतरतात. एस.टी. काय असते ते तुला काय कळणार?" हे मी बोलायला नको होते. ती म्हणाली, "आबा, तुम्ही प्रत्येक वेळी थांबत होतात. मग ज्या वेळेवर आल्या त्यांचं काय? त्याही उन्हातच उभ्या असतात." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. वेळेवर आलेल्यांची मी खरोखर कधी फिकीर केली नव्हती; उशिरा येणाऱ्यांविषयीची माया म्हणजेच न्याय, असे मी धरून चाललो होतो.

वाद तसाच राहिला असता. नात उठली आणि समोरच्या संघाच्या कप्तानीला जाऊन विचारून आली. ती पोर म्हणाली, "खेळू की! न खेळता जिंकलो तर घरी जाऊन काय सांगावं?" संध्याकाळी सामना झाला. किनवट हरले. पण खेळून हरले. कुत्रे दुसऱ्या दिवशी आले, ऐन रंगात, आणि मधल्या पाटीवर जाऊन बसले. आमचे जुने पंच शिटी तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी बक्षिसे झाल्यावर माणसे पांगू लागतात. मी तर नेहमी त्या वेळी हिशेबाची पिशवी काखोटीला मारून घर गाठीत असे. नातीने सगळ्यांना सतरंजीवर बसवले. पंच, आचारी, शिपाई, कप्तानी, सगळे. आणि विचारले, "काय काय चुकलं?" हा प्रश्न तिच्या शाळेत प्रत्येक गोष्टीनंतर विचारीत म्हणे, आणि उत्तर लिहून द्यावे लागे. आमच्याकडे हा प्रश्न म्हणजे भांडणाचे निमंत्रण. कुणी बोलेना. पंच म्हणाले, काहीच नाही, झकास झाले. आचारी म्हणाला, परवा मीठ जास्ती पडले होते. सगळे हसले आणि त्या हसण्यात किनवटची एक पोर, मान खाली घालून, शेजारणीच्या कानात काही बोलली. शेजारीण म्हणाली, "मॅडम, ही म्हनती संडासाला आतून कडी न्हाई. दोघीदोघी जावं लागतंय. एकीनं दार धरायला."

मी त्या मैदानावर १४ वर्षे सामने घेत आलो आहे. त्याआधीची ३२ धरली तर अशी कितीक दारे असतील. एकाही पोरीने मला हे सांगितले नव्हते. सांगितले नसते कसे म्हणू? मी विचारलेच नव्हते. नातीने लिहून घेतले, 'कडी', आणि खाली रेघ ओढली.

रात्री मी तिला शहाऐंशी सालची हकिकत सांगितली. ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "माझ्या शाळेत, आबा, कुणाला घरून सोडतील की नाही हा प्रश्नच नव्हता. सगळ्यांना सोडायचे. त्यामुळे तो रकाना मी भरायला शिकले, पण तो कशासाठी असतो हे मला माहीत नव्हतं."

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुली आणि मुलगे दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले. मुलींची कप्तान प्रियांका इंगळे, मूळची आपल्या बीड जिल्ह्यातली. अंतिम सामना आम्ही दोघांनी घरी बसून पाहिला. सामना संपतो न संपतो तोच लोह्याच्या त्या बापाचा फोन आला. "सर, बगितलं का?" एवढेच म्हणाला, आणि मागून पोरीचा आरडाओरडा ऐकू येत होता.

परवा नातीचा मुंबईहून फोन आला. यंदाचे सामने भाऊबीजेनंतर आहेतच. तिने विचारले, खांब नवे करायचे होते त्यांचे काय झाले? सागवानी मिळतील का? आणि आजीच्या कंबरेला मानवेल अशी खाट तिथे टाकता येईल का? मी सुताराला बोलावले आहे. तो म्हणतो, सणाच्या दिवसांत एकच काम होईल. कडी आधी लावून घेतो. खांबांचे मग बघू.